कुंपण नसलेला तुरुंग

ऑस्लोच्या दक्षिणेला, फ्योर्डच्या पश्चिम काठावर होर्टेन नावाचं गाव आहे. एके काळी इथे नॉर्वेच्या नौदलाचं मोठं ठाणं होतं. इथल्या धक्क्यावरून एक फेरीबोट समोरच्या बेटावर जाते. धक्क्याला दोर बांधणारी, उतारूंना वाट करून देणारी, बोट धुऊन काढणारी माणसं कैदी असतात. समोरचं बास्टॉय हे बेट म्हणजे तुरुंग आणि ही माणसं तिथे शिक्षा भोगत आहेत. बोट होर्टेनला लागली की त्यांच्या पायापासून मोकळं गाव एका पावलावर असतं. त्या गावात रस्ते आहेत, दुकानं आहेत, बसथांबा आहे. तरी बोट फिरली की ती माणसंही तिच्याबरोबर परत बेटावर जातात. उद्याही जातील.

हे कळल्यावर मनात पहिला प्रश्न येतो, ती पळून का जात नाहीत? त्याचं उत्तर बास्टॉयच्या अख्ख्या रचनेत आहे, म्हणून आधी बेटावर एक फेरी मारू.

बेट जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचं. त्यावर तट नाही, काटेरी तारा नाहीत, टेहळणीचे मनोरे नाहीत. पाइनचं जंगल आहे, शेतं आहेत, गोठा आहे, घोडे आणि मेंढ्या आहेत. जुनं चर्च, शाळा, ग्रंथालय, किराणा दुकान आणि इकडेतिकडे विखुरलेली लाकडी घरंही आहेत. साधारण ११५ कैदी इथे राहतात, काही जण मिळून एका घरात. प्रत्येकाला स्वतःची खोली, स्वयंपाकघर मात्र सामाईक. खोलीची किल्ली कैद्याच्याच खिशात असते.

सकाळी इथे कुणी दाराची कडी काढून हाळी देत नाही. गजर लावायचा, उठायचं, न्याहारी करायची आणि साडेआठच्या सुमाराला कामावर हजर व्हायचं, हे ज्याचं त्याने पाहायचं. कुणाकडे गायींचं दूधपाणी असतं, कुणाकडे घोड्यांची देखभाल. कुणी जंगलात लाकूडतोड करतो, कुणी घरांची डागडुजी, कुणी स्वयंपाकघरात असतो, कुणी फेरीबोटीवर. काही जण शाळेत जातात. कामाचे पैसे मिळतात, पण थोडे. दहाएक वर्षांपूर्वी दिवसाला साठ क्रोनरच्या आसपास मिळत आणि नॉर्वेच्या महागाईत त्यात एखाद-दोन कप कॉफी यायची. खानावळीत दिवसातून एकदा गरम जेवण मिळतं. बाकीचं जेवण ज्याचं त्याने करायचं. त्यासाठी भत्ता मिळतो आणि त्यातून बेटावरच्या दुकानात खरेदी करायची. आठवड्याचे पैसे तिसऱ्याच दिवशी उडवले तर उरलेले दिवस कसे काढायचे, हा प्रश्न त्याचा.

दुपारी काम संपतं. मग पोहावं, मासे धरावेत, टेनिस खेळावं, वाचावं, नाही तर खिडकीत बसून राहावं. दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी होते, मोजणी होते. रात्री घरातच थांबायचं असतं. तेव्हा अख्ख्या बेटावर ड्युटीला असलेले कर्मचारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि एकाकडेही शस्त्र नसतं.

आता हे कैदी कोण? किरकोळ चोऱ्यामाऱ्या करणारे असतील असं कुणालाही वाटेल. तसं नाही. खून, बलात्कार, अमली पदार्थांची तस्करी अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं इथे असतात. मात्र कुणालाही थेट बास्टॉयला पाठवत नाहीत. आधी बंद तुरुंगात वर्षं काढायची, मग अर्ज करायचा. शिक्षेची शेवटची काही वर्षं उरली असतील आणि वर्तनावरून विश्वास बसला असेल, तरच जागा मिळते. दारू, अमली पदार्थ किंवा मारामारी आढळली की परत बंद तुरुंगात रवानगी. बेटाचं कुंपण हेच. पळणाऱ्याला समुद्रापेक्षा या रवानगीची धास्ती अधिक वाटते, कारण हातात आलेलं सगळं जातं आणि सुटकेचा दिवसही लांब जातो. काही वर्षं इथे अधीक्षक असलेले आर्ने क्वेर्नविक नील्सन नव्या कैद्यांना सांगत की पळालातच तर पलीकडे पोचल्यावर एक फोन करा, म्हणजे तुम्हाला शोधायला तटरक्षक दल पाठवावं लागणार नाही. कुणी पळालंच नाही असंही नाही. २०१५ साली एक कैदी सर्फबोर्डवर बसून, खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या फावड्याने वल्हवत निसटला. तरीही बास्टॉयला भिंत बांधली गेली नाही.

घोडे आणि समुद्रकिनारा दिसला की बहुतेक लोकांची नजर तिथेच अडकते आणि तुरुंग की सहलीचं ठिकाण असा सवाल येतो. मला मात्र त्या गजराच्या घड्याळाचं आणि खिशातल्या किल्लीचं नवल वाटतं. नेहमीच्या तुरुंगात दार दुसरा उघडतो, दिवा दुसरा मालवतो, काय आणि किती वाजता खायचं तेही दुसराच ठरवतो. दहा वर्षं एकही निर्णय न घेतलेल्या माणसाला एके दिवशी फाटकाबाहेर सोडायचं आणि आता घर शोध, नोकरी शोध, पैसे पुरव, रागावर ताबा ठेव असं सांगायचं, याला काय अर्थ आहे? बास्टॉयमध्ये कैद्याला दिवसाचे छोटे छोटे निर्णय एकेक करून परत दिले जातात. चुकायचं असेल तर ते इथे, बेटावर चुकावं.

हे बेट मुळात असं नव्हतं. १९०० साली इथे वाया गेलेल्या, म्हणजे बहुतेक गरीब किंवा अनाथ मुलांसाठी सुधारगृह सुरू झालं. शिस्त क्रूर होती. मार, कोंडून घालणं, अंग मोडेपर्यंत काम. मे १९१५ मध्ये तीस-चाळीस मुलांनी बंड केलं. त्यांनी टेलिफोनच्या तारा तोडल्या, शेतीची अवजारं हातात घेतली, धान्याचं कोठार पेटवून दिलं. त्या पोरांना आवरायला सरकारने सैन्य आणि नौदल पाठवलं. पुढे २०१० साली या बंडावर चित्रपटही निघाला. सुधारगृह १९७० मध्ये बंद झालं आणि १९८२ पासून इथे आजचा तुरुंग आहे. जागा तीच. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी जिथे मुलांना चिरडायला युद्धनौका आल्या, तिथे आता शिक्षा झालेले लोक वासरांना बाटलीने दूध पाजतात.

दरम्यान नॉर्वेमध्ये काय बदललं? एका रात्रीत काहीच नाही. १९६८ साली कैदी, वकील, समाजशास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक यांची मिळून तुरुंग सुधारणेसाठी एक संघटना उभी राहिली. समाजशास्त्रज्ञ थॉमस मथीसन तिचे एक प्रमुख शिल्पकार होते. बेघर दारुड्यांना सक्तमजुरीला धाडण्याची पद्धत १९७० मध्ये बंद झाली. १९८१ मध्ये जन्मठेप कायद्यातून गेली आणि कमाल शिक्षा २१ वर्षांवर आली. धोकादायक ठरलेल्या गुन्हेगाराला त्यापुढेही अडकवून ठेवता येतं, पण त्यासाठी न्यायालयाला पुन्हा पुन्हा तपासणी करावी लागते. २०११ साली ७७ माणसं मारणाऱ्या अँडर्स ब्रेविकला हीच शिक्षा झाली आहे. तो बास्टॉयवर नाही. कडक बंदोबस्तात, इतर कैद्यांपासून वेगळा ठेवलेला आहे.

या बदलामागे एक साधा सिद्धांत आहे. शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणं, तेवढंच. न्यायालयाने जे काढून घेतलं नाही ते तुरुंगानेही काढून घ्यायचं नाही. म्हणून कैद्याला मतदानाचा हक्क असतो, शिक्षणाचा असतो, बाहेरच्या नागरिकाला मिळतो तसा डॉक्टरही मिळतो. आणि हा डॉक्टर तुरुंग खात्याच्या नोकरीत नसतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आरोग्यसेवा त्या भागाची नगरपालिका देते, शिक्षक बाहेरच्या शाळायंत्रणेचे असतात, ग्रंथपाल सार्वजनिक ग्रंथालयाचा असतो. तुरुंगाच्या आत तुरुंगाची म्हणून वेगळी शाळा, वेगळा दवाखाना नाही. त्यामुळे एक गोष्ट आपोआप घडते. बाहेरची माणसं रोज आत येतात, जे दिसतं ते पाहतात आणि संध्याकाळी घरी जातात. ज्या तुरुंगात रोज एवढे त्रयस्थ डोळे येतात, तिथे काही लपवून ठेवणं अवघड होतं. शिवाय कैदी सुटतो तेव्हा तीच शाळा, तोच दवाखाना बाहेरही त्याचा असतो.

ही कल्पना मांडणाऱ्यांत नील्स क्रिस्टी हे मोठं नाव. त्यांची गोष्ट थोडी सावकाश सांगायला हवी.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात होता. उत्तर नॉर्वेच्या कडाक्याच्या थंडीत नाझींनी युगोस्लाव कैद्यांसाठी छावण्या उभारल्या. कैदी उपासमारीने, माराने, गोळ्यांनी हजारोंनी मेले. काही छावण्यांवर पहारेकरी म्हणून नॉर्वेजियन माणसं होती. युद्धानंतर त्यांच्यातल्या अनेकांना शिक्षा झाल्या. तरुण क्रिस्टींना काम मिळालं ते या पहारेकऱ्यांना भेटून समजून घेण्याचं. ज्यांनी कैद्यांचा छळ केला, त्यांना मारलं, त्यांच्याशी ते बोलले. त्याच छावण्यांवर असून ज्यांनी तसं काही केलं नाही, त्यांच्याशीही बोलले. दोन्ही गटांत फरक कोणता? एक गट मुळातच राक्षस आणि दुसरा देवमाणूस असं काही हाती लागलं नाही. फरक निघाला तो इतकाच की छळ न करणारे पहारेकरी कैद्यांच्या जवळ गेले होते. चार शब्द बोलले होते. एखाद्या कैद्याने खिशातून बायकोमुलांचा फोटो काढून दाखवला होता आणि त्यांनी तो पाहिला होता. छळ करणाऱ्यांना समोर माणूस दिसलाच नव्हता. त्यांना दिसली होती ती घाणेरडी, धोकादायक, परकी झुंड.

क्रिस्टी पुढे ऑस्लो विद्यापीठात गुन्हेशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि २०१५ मध्ये वारले. आयुष्यभर ते एकाच मुद्द्याभोवती लिहीत राहिले. माणसं एकमेकांपासून जितकी दूर, तितकं एकमेकांना दुखावणं सोपं. हे ध्यानात घेतलं की नॉर्वेच्या तुरुंगातल्या कितीतरी बारीकसारीक गोष्टींचा उलगडा होतो. तिथे पहारेकरी व्हायचं तर दोन वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं. त्यात मानसशास्त्र, कायदा आणि नीतिशास्त्र शिकवतात, आणि त्या काळात पगारही मिळतो. प्रत्येक कैद्यामागे एक ठरावीक अधिकारी असतो. घरच्या अडचणी, सुटकेनंतरचं घर, अर्जफाटे, सगळं कैद्याने त्याच्याशी बोलायचं. अधिकारी आणि कैदी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, एका टेबलाशी बसून जेवतात.

हाल्डेनच्या तुरुंगात तर ही जवळीक इमारतीतच बांधून काढली आहे. स्वीडनच्या सीमेजवळचा हा तुरुंग २०१० साली उघडला. हा खुला नाही, कमाल सुरक्षेचा आहे. जंगलाच्या मधोमध सहा मीटर उंचीची काँक्रीटची भिंत त्याला वेढून आहे. पण आत खिडक्यांना गज नाहीत. प्रत्येक कोठडीत स्नानगृह, टेबल, छोटा फ्रिज, टीव्ही. दहाबारा कोठड्यांमागे एक सामाईक स्वयंपाकघर आणि बैठक, आणि फडताळात चिनी मातीच्या बशा. संगीताचा स्टुडिओ आहे, सुतारकामाची आणि धातुकामाची कार्यशाळा आहे. इमारती एकमेकींपासून मुद्दाम दूर ठेवल्या, म्हणजे कामाला, शाळेला, जेवायला जाताना झाडांखालून, पावसातून, बर्फातून चालत जावं लागतं. भिंतीबाहेरच्या माणसाला घर ते कचेरी जावं लागतं तसंच. भेटीला येणाऱ्या कुटुंबासाठी आवारात छोटं घर आहे. तिथे बाप आपल्या मुलांबरोबर रात्रभर राहू शकतो.

या तुरुंगातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्या. त्या मुद्दाम लहान आणि अडचणीच्या बांधल्या आहेत. आत आरामात बसता येऊ नये, पहारेकऱ्याने बाहेर पडून कैद्यांत मिसळावं, पत्ते खेळावेत, कॉफी प्यावी, यासाठी. काचेआड बसून पडद्यावर कॅमेरे पाहणाऱ्याला भांडण पेटल्यावर कळतं. शेजारी बसलेल्याला ते पेटण्याआधीच, आज याचा चेहरा का उतरलाय इथपासून कळतं. म्हणजे ही जवळीक निव्वळ दया नाही, तोच तिथला पहारा आहे.

मग याचा परिणाम होतो का? २०१० साली नॉर्डिक देशांनी मिळून केलेल्या पाहणीत असं दिसलं की नॉर्वेच्या तुरुंगातून सुटलेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांना दोन वर्षांच्या आत पुन्हा शिक्षा झाली. हा आकडा जगभर गाजला. तो खरा आहे, पण जपून वाचायला हवा. ‘पुन्हा गुन्हा’ कशाला म्हणायचं आणि किती वर्षांत, हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. नॉर्वेमध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांनाही तुरुंगात पाठवतात आणि ते क्वचितच सराईत गुन्हेगार असतात. बास्टॉयमध्ये तर मुळात निवडून घेतलेली माणसं येतात. शिवाय सुटून आलेल्याच्या पाठीशी तिथे घर, आरोग्य, बेकारभत्ता देणारं श्रीमंत कल्याणकारी राज्य उभं असतं. एवढं सगळं वजा करूनही मला वाटतं की काही तरी उरतं आणि ते थोडं नाही.

नॉर्वेच्या तुरुंगांत सगळं आलबेल आहे असंही मी म्हणणार नाही. बंद तुरुंगांत कैद्यांना तासन् तास एकटं कोंडून ठेवलं जातं, याबद्दल तिथल्याच लोकपालांनी २०१९ मध्ये संसदेला खास अहवाल देऊन कडक टीका केली. मनुष्यबळ कमी केलं की पहिला बळी जातो तो याच जवळिकीचा. दारं जास्त वेळ बंद राहतात. त्यातच शिक्षा भोगायलाही रांग लागत असे. न्यायालयाने दोषी ठरवलेली माणसं तुरुंगात जागा होईपर्यंत घरीच वाट बघत आणि पत्र आलं की हजर होत. ही रांग इतकी वाढली की २०१५ ते २०१८ अशी तीन वर्षं नॉर्वेने नेदरलँड्समधला एक आख्खा तुरुंग भाड्याने घेतला. कारण तिथले तुरुंग ओस पडत चालले होते! कैदी नॉर्वेचे, कायदा नॉर्वेचा, अधीक्षक नॉर्वेचा, पहारेकरी डच. पण घरच्यांना भेटायला परदेशी जावं लागायचं, आणि कुटुंबाशी जवळीक हाच ज्या व्यवस्थेचा पाया, तिला हे न शोभणारंच होतं.

ज्याच्या घरचं माणूस मारलं गेलं, त्याला हे सगळं वाचून संताप येईल. त्याला कुणी नावं ठेवू नयेत. मी त्याच्या जागी असतो तर मलाही आला असता. पण नॉर्वेत एक प्रश्न सतत विचारला जातो आणि त्याला बगल देता येत नाही. जवळजवळ प्रत्येक कैदी कधी ना कधी सुटतो आणि कुणाच्या तरी शेजारी राहायला येतो. तो कसा होऊन यावा?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ आठवत असेल. पटकथा गदिमांची. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. त्यातला जेलर सहा खुन्यांना बेड्यांशिवाय माळरानावर नेतो आणि शेती करायला लावतो. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. १९३९ मध्ये औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या साथीने आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची खुली वसाहत वसवली. तिचं नाव स्वतंत्रपूर. गदिमा त्याच मुलखातले. ही वसाहत आजही सांगली जिल्ह्यात आहे. कैदी तिथे शेती करतात आणि कुटुंबासह राहू शकतात. येरवड्याला आणि पैठणलाही खुली कारागृहं आहेत.

आणि तरीही भारतातल्या तुरुंगांत साधारण दर चार बंद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत. खटला संपलेला नाही, गुन्हा शाबीत झालेला नाही, आणि माणूस बराकीत दाटीवाटीने झोपतो आहे. खुल्या कारागृहात जागा मिळते ती मूठभर पक्क्या कैद्यांना. बास्टॉयचे घोडे आणि हाल्डेनचा स्टुडिओ आपल्याला परवडणार नाही, हे मान्य. पण खोलीची किल्ली, गजराचं घड्याळ आणि नावाने हाक मारणारा पहारेकरी, याला श्रीमंत देश असावं लागत नाही. औंध हे एक छोटं, गरीब, दुष्काळी संस्थान होतं. तिथे हे बास्टॉयच्या ४३ वर्षं आधी करून झालं आहे.